लाल गिटारच्या पेटीतला डाग

आमच्या घरात टीव्हीच्या वर भिंतीला एक लाल इलेक्ट्रिक गिटार टांगलेली आहे. पाहुणे आले की आधी तिच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. कुणाची म्हणून कुणी विचारलंच, तर मी चहा टाकायला उठते. हे होते तोवर त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं काम ह्यांचं होतं. ते त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी दिलं, की ऐकून ऐकून माझाच विश्वास उडाला.

उत्तर असं, की ही गिटार मुंबईच्या एका फार मोठ्या गिटारवाल्यांची. जुन्या सिनेमातल्या गाण्यात गाणारी मधेच थांबते आणि गिटार बोलायला लागते. ती बोलणारी गिटार पुष्कळदा त्यांची असायची. मूळचे गोव्याचे, ख्रिस्ती. एकदा सोलापूरला कार्यक्रमाला आले आणि जाताना आपली लाल गिटार आमच्या ह्यांच्या हाती ठेवून गेले. एवढीशी गोष्ट, तिच्यात बदलण्यासारखं काय आहे? पण कधी ती गिटार रेस्ट हाउसवर दिलेली असायची, कधी स्टेशनच्या फलाटावर. देताना ते कधी हसले होते, कधी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एका दिवाळीत तर त्यांनी ह्यांना मिठीच मारली. मी करंज्या भरत होते. हात थांबवून वर बघितलं, तर ह्यांनी नजर चुकवली आणि चिवडा चांगला झालाय म्हणाले. चिवडा अजून केलेलाच नव्हता.

म्हणजे संशय काही मी उगीच घेतला नाही. फक्त तो लग्नाआधी यायला हवा होता, तो लग्नानंतर आला.

मी जेऊरची. जेऊरला स्टेशन आहे, त्यामुळे आम्ही स्वतःला खेडवळ समजत नव्हतो. मुंबईची गाडी आपल्याकडे थांबते म्हणजे मुंबईचं आपलं काहीतरी नातं आहे, असं मला मनापासून वाटायचं. घरात रेडिओ होता. त्याच्यापुढं बसून मी ज्वारी निवडायची, आणि खडे जागच्या जागी राहायचे. आई म्हणायची, हिला ज्या घरी देऊ त्यांचे दात आधी बघून घ्यायला पाहिजेत.

मला दोन स्थळं आली. एक टेंभुर्णीचं: हायवेला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, स्वतःचं घर, मुलगा शांत. दुसरं कुर्डुवाडीच्या माणसांचं, पण मुलगा सोलापूरला: गिरणीत टाइमकीपर, राहायला भाड्याची खोली, आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. टेंभुर्णीवाल्यांनी फार ताणून धरू नये, एवढ्याचसाठी वडिलांनी हे दुसरं स्थळ बोलावलं होतं.

मुलगा आला तो गिटार घेऊन. एरवी मुलीला गाणं म्हणायला लावतात, इथं मुलानंच वाजवलं. आता इलेक्ट्रिक गिटारचा आवाज ज्याच्यातून येतो तो खोका सोलापुरात राहिलेला, आणि असता तरी आमच्या ओसरीवर त्या वेळी वीज नव्हती. खोक्याशिवाय ती गिटार म्हणजे पत्र्याच्या डब्यात अडकलेला डास. ओसरीवरच्या माणसांना काही ऐकू आलं नाही; वाजवून झालं तरी माझे मामा सुरू व्हायची वाट बघत होते. आणि ही जेऊरची रसिक दाराआड डोळे मिटून उभी. तिला सगळं ऐकू आलं. सिनेमातलं अख्खं गाणं ऐकू आलं म्हणे.

मामांनी विचारलं, "वाद्य कुणाचं?"

ह्यांनी त्या मोठ्या माणसाचं नाव घेतलं.

"त्यांनी दिलं तुम्हाला?"

हे थोडं हसले आणि खाली मान घालून एक खुंटी पिळत बसले.

त्या हसण्याचा अर्थ मी लावला विनय. एवढा मोठा मान, आणि बघा किती नम्र माणूस. त्याच दिवशी मी आईला सांगितलं की टेंभुर्णीला नकार कळवा. वडील कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी मात्र कुणालाही न सांगता एक बिनबाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला, कारण मुंबईच्या कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसणाऱ्या बायका तसाच घालतात अशी माझी माहिती होती. तो मी सासरी एकदाच घातला. वैशाखाचं ऊन होतं, तरी सासूबाईंनी माझ्या खांद्यांवर सोलापुरी चादर पांघरली. पहिली रांग तर मला कधीच दिसली नाही. मी गणपतीच्या मांडवांमागं खोक्याच्या वायरीवर कुणी पाय देऊ नये म्हणून राखण करत बसायची, आणि सोबत सगळ्या ऑर्केस्ट्राच्या चपला.

संशयाचं बी पडलं ते पेटी साफ करताना. गिटारच्या पेटीला आतून निळी मखमल आहे. एका कोपऱ्यात तिच्यावर तळहाताएवढा तेलकट, लालसर डाग. वास घेतला. लसूण, तिखट, शेंगदाणे. आपली शेंगाचटणी. आता मला सांगा, विमानानं फिरणाऱ्या माणसाच्या पेटीत सोलापूरची शेंगाचटणी सांडेल कशी? ती पेटी सोलापूर जिल्ह्याच्या बाहेर कधी गेलीच नसणार, असं माझ्या मनानं घेतलं.

एकदा मनानं घेतलं की दिसायला लागतं. गिटारचं धड एका रंगाच्या लाकडाचं, गळा दुसऱ्याच. मुंबईचा कुणी कलाकार गावात आला की हे ती लाल गिटार कपाटात कुलपात ठेवायचे आणि मित्राची मागून न्यायचे. तार तुटलीय म्हणायचे. तार तुटलेली नसायची. मी कपाट उघडून बघायची.

आणि ते पाठीमागचं. सासूबाईंना भांड्यांवर नाव घालून घ्यायची फार हौस. घरातली धातूची वस्तू त्यांच्या तावडीतून सुटायची नाही. भांड्यांच्या दुकानात नेऊन तिच्यावर मशीनच्या टोचणीनं ठिपक्याठिपक्यांत सासऱ्यांच्या नावाची अक्षरं घालून आणायच्या. तांब्या, अडकित्ता, कुलूप, बॅटरी, माझ्या माहेरून आलेला पोहरासुद्धा. पण गिटारच्या पाठीवर, गळा धडाला जोडतात तिथं, चांगली चौकोनी पत्र्याची पट्टी आहे, आणि तिच्यावर एक अक्षर नाही. सासूबाईंनी ती एवढी मोकळी जागा सोडली कशी, हे मला कधी उमगलं नाही.

मग विचारलं का नाही? कारण उत्तर खोटं निघालं असतं तर मी काय करणार होते? परत टेंभुर्णीला जाऊन सुटे भाग मोजणार? त्यापेक्षा न विचारणं परवडलं. हे गेले तेव्हाही प्रश्न माझ्याकडेच राहिला.

तो बाहेर काढला नातीनं. ती पुण्यात शिकते. तिथं जुन्या सिनेवादकांच्या वाद्यांचं एक प्रदर्शन भरणार आहे, तिनं मला न विचारता त्या लोकांना भिंतीवरच्या गिटारचा फोटो पाठवला. वर सगळ्या मैत्रिणींना सांगून बसली की गिटारशेजारच्या माहितीच्या कार्डावर आजोबांचं नाव येणार.

प्रदर्शनवाल्या बाई गाडी करून घरी आल्या. पांढरे हातमोजे घातले आणि गिटार उतरवून घेतली. हातमोजे घालून माझ्या घरातली वस्तू धरणारं माणूस मला आवडत नाही, पण पाणी दिलं. त्यांनी गळा बघितला, धड बघितलं, पेटी उघडून डागाला नाक लावलं. मी म्हटलं, शेंगाचटणी आहे. त्या फक्त हं म्हणाल्या. गळा मूळचा नाही, सागाचा दिसतो, असं त्यांचं मत पडलं. मग हातमोजे काढत त्या म्हणाल्या, "आजी, राग मानू नका. पण त्यांची लाल गिटार एकच होती, आणि ती त्यांच्या घरच्यांनी आम्हाला दिलीय. आमच्याकडे काचेत आहे. मग ही आजोबांनी घेतली कुठून?"

घेतली हा शब्द त्यांनी जरा जपून ठेवला, तापलेलं भांडं ठेवतात तसा. नातीचा चेहरा पडला. मीही जन्मभर त्याच माणसावर संशय घेत आले होते, पण तो माझा हक्क होता. बाहेरून कुणी गाडीनं यावं आणि तोच संशय घ्यावा, हे मला सहन झालं नाही. मी म्हटलं, चौकशी करून कळवते.

चौकशी करायला एकच माणूस उरलं होतं: कुर्डुवाडीचे माझे थोरले दीर. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुतारकामाला होते, आता ऐंशीच्या पुढं गेलेत. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं गेलो. वाटेत नात एकदाच बोलली. "आजी, खोटं निघालं तर?" मी म्हटलं, खोटं निघालं तर तुझ्या कार्डाचं काय ते तू बघ, मला माझ्या लग्नाचं बघायला लागेल.

भावजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. चहा झाल्यावर मी सरळच विचारलं. "भावजी, ह्यांनी ती गिटार चोरली होती का?"

भावजी म्हणाले, "धाकटे, हे तू आत्ता इचारतीस? मला वाटलं, लग्नाच्या दुसऱ्या दिशी इचारशील. वाट बघून बघून माझं दात पडलं की."

मग त्यांनी सांगितलं. त्या मोठ्या माणसाची मंडळी सोलापूर स्टेशनात उतरत असताना गिटारवर ड्रमची पेटी पडली आणि गळा मोडला. संध्याकाळी कार्यक्रम. हमालांत आणि सामानात आमचे हे उभेच होते, मदतीच्या नावाखाली दर्शनाला. ह्यांची स्वतःची एक गिटार होती, कलकत्त्याहून मागवलेली, साधीच. ती त्या थोरांच्या गिटारसारखी दिसावी म्हणून भावजींनी तिला वर्कशॉपमधला आगगाडीच्या डब्याचा लाल रंग मारून दिला होता. ह्यांनी ती पुढं केली. त्यांनी त्या संध्याकाळी तीच वाजवली आणि दुसऱ्या दिवशी तीच घेऊन हैदराबादच्या कार्यक्रमाला गेले. जाताना मोडकी गिटार ह्यांच्याकडे दिली. दुरुस्त करून मुंबईला आण आणि तुझी घेऊन जा, असं ठरलं. भावजींनी भंगारात निघालेल्या डब्याच्या सागवानातून नवा गळा केला.

"म्हंजी गळा कुर्डुवाडीचा," मी म्हणाले. घाईत माझीही जेऊरची भाषा बाहेर आली.

"व्हय. धड त्यांचं, गळा माझा."

हे मुंबईला निघाले तेव्हा सासूबाई मधे आल्या. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हा त्यांचा कडक नियम. शेजारणीची वाटी आली तर चिमूटभर साखर तरी घालूनच परत जायची. त्यांच्या लेखी गिटारची पेटीही भांडंच. भावजी म्हणाले, अगं आत गिटार हाय की. सासूबाई म्हणाल्या, ती त्यांचीच आहे, त्यात आपलं काय? मग फडक्यात कडक भाकरी बांधल्या आणि डबा भरून शेंगाचटणी, दोन्ही पेटीत कोपऱ्यात बसवलं. गाडीच्या हिसक्यानं झाकण सुटलं.

माझा डाग. केवढी वर्षं मी त्याच्यावर खटला चालवला होता.

"पण गोष्ट हितंच नासली," भावजी म्हणाले. "त्यो माघारी आला तर तीच गिटार घिऊन. म्हटलं, तुझी कुटं हाय? तर म्हणतो, त्यास्नी माझीच हाताला बसली, ही तू ठेव म्हणाले. मला काय पटलं न्हाय. लई भित्रा गडी. बिल्डिंगीच्या खालनंच माघारी फिरला आसंल, भाकरी गाडीत बसून खाल्ली आसंल, असं म्या धरून चाललो."

म्हणजे एकाच माणसावर मी सोलापुरात आणि भावजी कुर्डुवाडीत बसून संशय घेत होतो, आणि दोघांनीही त्याला कधी विचारलं नाही. मी म्हटलं, निदान मला तरी सांगायचं होतं ह्यांनी.

भावजी हसले. "तू त्या गिटारीला भाळून आलीस, हे साऱ्या कुर्डुवाडीला म्हाईत होतं. गळा माझ्या भावानं केलाय, असं त्यो कुठल्या तोंडानं सांगणार?"

नात मधेच म्हणाली, पण मोठे आजोबा, वर गेले होते की नव्हते, हे कसं कळणार? भावजींनी हात झटकला. जाऊ दे म्हणाले, आणि त्यो डबा तर इचारूच नगो.

मी विचारला.

चटणीचा डबा रिकामा परत आला नव्हता. ह्यांनी तो सासूबाईंच्या हातात दिला, तिकडच्या बाईंनी दिलाय म्हणून. सासूबाई खूष, माणसं रीतीभातीची आहेत म्हणाल्या. झाकण काढलं तर आत काळं, तकाकणारं, चिकट काहीतरी. भावजींना वाटलं, बेरिंगला लावायचं ग्रीस. सासूबाईंनी बोट लावून चाखलं. गोड होतं, नारळाची चव होती, पण दातांना असं धरून बसलं की त्या दुपारभर कुणाशी बोलल्या नाहीत. घरात सगळ्यांना भ्या वाटलं. शेवटी म्हशीला घातलं. "म्हस बी रवंथ करता करता थांबली आन् माझ्याकडं बघाय लागली," भावजी म्हणाले. त्यांचा संशय त्या डब्यानं आणखी पक्का झाला. फसवायचंच तर माणसानं पेढे तरी आणावेत, असं त्यांचं म्हणणं.

नातीनं हळूच माझ्याकडे बघितलं. मागच्या वर्षी ती मैत्रिणींबरोबर गोव्याला गेली होती आणि येताना माझ्यासाठी एक काळी मऊ वडी घेऊन आली होती. दोदोल. काळा गूळ, नारळाचं दूध, तांदळाचं पीठ. नाताळात तिथल्या ख्रिस्ती घरांत करतात. पहिल्याच घासाला माझी वरची कवळी त्या वडीबरोबर बाहेर आली होती.

मी विचारलं, भावजी, दिवस कुठले होते?

"थंडी होती. हुरडा निघायला लागला होता."

नात म्हणाली, "आजी, नाताळ."

मी तरी लगेच मानलं नाही. मुंबईत काय, कुठल्याही दुकानात मिळत असेल. पण दुकानात गेलेला कुर्डुवाडीचा मुलगा आईसाठी बालुशाही घेतो, ग्रीस घेत नाही. आणि ते सासूबाईंच्याच डब्यात भरून आलं होतं. म्हणजे हे जिना चढले होते. दार उघडलं होतं. त्या घरातल्या बाईनं चटणी काढून घेतली होती, डबा धुतला होता, आणि तिच्याही घरी तो रिकामा परत द्यायची रीत नव्हती.

मला रडू यायला पाहिजे होतं, पण राग आला. त्या मोठ्या माणसानं ह्यांना गिटार बक्षीस दिलीच नव्हती. ह्यांची साधी गिटार त्यांना आवडली, आणि त्यांनी स्वतःची देऊन ती ठेवून घेतली. एवढी मोठी गोष्ट खिशात असताना आमचे हे घरोघर मिठ्या आणि डोळ्यांतलं पाणी सांगत फिरले. खरं सांगितलं तर कुणी मानणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्यांच्या सख्ख्या भावानंच कुठं मानलं? मग माझं काय सांगावं. आणि ओसरीवरचं ते हसू, ज्याला मी विनय समजले, ती भीती होती. कुर्डुवाडीच्या गळ्यावर हात ठेवून बसलेल्या माणसाची. मी परतीच्या गाडीत ते पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. मामांनी विचारलं, त्यांनी दिलं तुम्हाला? हे हो म्हणाले नव्हते. नंतर वाटेल तेवढं खोटं बोलले, पण ज्या दिवशी मी होकार दिला त्या दिवशी गप्प बसले होते. होकार माझ्या कानांनी दिला, ज्यांना बिनखोक्याच्या गिटारमधून अख्खं गाणं ऐकू आलं होतं.

घरी आल्यावर मी गिटार उतरवली आणि पालथी करून बघत बसले. पाठीवरची ती कोरी पट्टी. सासूबाईंनी ती सोडली कशी, हे आता उमगलं. ही आपली नाही, परत जायची आहे, असंच त्या शेवटपर्यंत धरून होत्या. दुसऱ्याच्या भांड्यावर नाव घालतात होय? पण ह्यांची आपली गिटार, ती लाल रंगवलेली, तिच्यावरही अशीच पट्टी असणार. आणि ती मुंबईला जायच्या आधी कितीतरी दिवस सासूबाईंच्या घरात होती.

मी नातीकडून पुण्याच्या बाईंना फोन लावून घेतला. सगळी हकिकत सांगितली. त्या ऐकून घेत होत्या, मधेमधे अच्छा म्हणत होत्या. आवाजावरून कळत होतं की एक शब्द खरा धरत नाहीत. शेवटी म्हणाल्या, आजी, छान आठवणी आहेत, कार्डावर काय लिहायचं ते बघू.

मी म्हटलं, "कार्डाचं राहू द्या. तुमच्या काचेतली गिटार जरा पालथी करा. गळा जोडलाय तिथं पत्र्याची पट्टी असेल. तिच्यावर ठिपक्याठिपक्यांची मराठी अक्षरं आहेत का, तेवढं बघून सांगा."

मग त्या म्हणाल्या की काच उघडायला परवानगी लागते, बघून कळवते.

अजून कळवलेलं नाही. नात रोज विचारते, परत फोन करू का. मी नको म्हणते. पट्टीवर अक्षरं नसती तर त्यांनी नाही म्हणून कधीच कळवलं असतं, एवढं मला कळतं. आता संशय घ्यायची पाळी माझी आहे, आणि ह्या कामात माझा हात चांगला बसलेला आहे.

तोवर मी एक तयारी करून ठेवली. आमची गिटार पुण्याला जायचीच असेल तर पेटी रिकामी जाणार नाही. शेंगाचटणी कुटलीय. सासूबाईंचा तोच डबा आहे, इतकी वर्षं मी त्यात मोहरी ठेवत होते. मोहरी काढून डबा उन्हात वाळवला. झाकण या वेळी दोरीनं बांधणार आहे. त्या बाई डबा कसा परत पाठवतात ते बघायचंय मला. रिकामा आला, तर अक्षरांचं त्या काही सांगोत, मी त्यांच्यावर विश्वास ठेवणार नाही.